रिपोर्ट म्हणतो ‘सेन्सिटिव्ह’, मग ताप परत का येतो?

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी हातात येतो. डावीकडे बारा-पंधरा प्रतिजैविकांची नावे, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालेल. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, चालणार नाही. सात-आठ औषधांपुढे ‘एस’ दिसला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्यातलेच एक औषध सुरू होते, दोन दिवसांत ताप उतरतो, सात दिवसांचा कोर्स पुरा होतो. आणि औषध थांबून आठवडा होत नाही तोच रुग्ण पुन्हा थंडीने कुडकुडू लागतो. पुन्हा कल्चर, पुन्हा तोच जीवाणू, पुन्हा त्याच औषधापुढे ‘एस’. नातेवाइकांना औषध बनावट असल्याचा संशय येतो. डॉक्टर आणखी महागड्या इंजेक्शनकडे वळतात. या धावपळीत पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे आणि तिथून शरीरात गेलेल्या नळीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती नळी घालून महिना उलटून गेलेला असतो.

रिपोर्ट खोटा नसतो. प्रयोगशाळेने नमुन्यातला जीवाणू ताज्या खाद्यावर वाढवला, तो द्रवात मोकळा सोडला आणि औषधापुढे उभा केला. तिथे तो मेला. पण रुग्णाच्या नळीच्या आतल्या भिंतीवर राहणारे त्याचे भाऊबंद मोकळे नाहीत, ताज्या खाद्यावर नाहीत आणि वाढण्याच्या घाईतही नाहीत. परीक्षा एका अवस्थेतल्या जीवाणूची झाली आणि उपचार दुसऱ्याच अवस्थेतल्या जीवाणूवर चालले आहेत.

हा मुद्दा आत्ता काढायचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा जीवाणू-संसर्गांपैकी एक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. संघटनेच्या ज्या आग्नेय आशिया विभागात भारत मोडतो, तिथे हे प्रमाण तीनात एक आहे. पाठोपाठ १८ नोव्हेंबरला केंद्र सरकारने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याची मुदत २०२५ ते २०२९. चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधे, सर्दी-पडशाला दिली जाणारी अँटिबायोटिक्स, कोंबड्यांच्या खाद्यातले डोस, औषध कारखान्यांचे सांडपाणी या विषयांवर तेव्हापासून बरेच बोलले आणि लिहिले जात आहे. ते योग्यच आहे. मात्र ही सगळी मोजदाद रिपोर्टवरच्या ‘आर’ या एका अक्षरावर उभी आहे. वर वर्णन केलेला रुग्ण या आकडेवारीत सापडणार नाही. सापडलाच तर ‘औषधाला दाद देणारा संसर्ग’ म्हणून, म्हणजे चांगल्या बाजूला.

जीवाणू औषधातून दोन रीतींनी वाचतात. पहिली रीत प्रतिरोधाची. औषध कापून टाकणारे विकर तयार करायचे, आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकायचे किंवा औषध जिथे चिकटते ती जागाच बदलायची. असा जीवाणू औषध असतानाही वाढत राहतो. दुसरी रीत तग धरण्याची. असा जीवाणू औषध असताना वाढत नाही, पण मरतही नाही. कुलूप तोडून घरात घुसणारा चोर वेगळा आणि शोध सुरू असेपर्यंत माळ्यावर अंग चोरून बसणारा वेगळा. दुसऱ्याला पकडायला कुलूप बदलून उपयोग नाही.

माळा म्हणजे इथे बायोफिल्म. मोरीच्या फरशीवरची बुळबुळ, बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतला निसरडा थर, सकाळी उठल्यावर जिभेला जाणवणारा दातांवरचा लेप ही सगळी बायोफिल्मचीच रूपे. अन्टोनी व्हान लेव्हेनहुकने सतराव्या शतकात आपल्याच दातांवरचा कीट खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचे १६८३-८४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्यात एक निरीक्षण असे होते की व्हिनेगरने कीटाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले वाचले. बायोफिल्मची अर्धी गोष्ट त्याने तेव्हाच सांगून टाकली होती. पुढे रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून जीवाणू शुद्ध स्वरूपात, एकेक जात वेगळी करून वाढवण्याचे तंत्र आले. त्या तंत्राने वैद्यकाला प्रचंड दिले, पण जीवाणू म्हणजे द्रवात एकटा पोहणारा जीव ही समजूतही पक्की केली. तिला धक्का दिला तो कॅनडात काम करणाऱ्या बिल कॉस्टर्टन यांनी. १९८२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी एका हृदयरुग्णाच्या पेसमेकरच्या तारेची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे प्रसिद्ध केली. जोरदार प्रतिजैविके देऊनही त्या रुग्णाच्या रक्तातला संसर्ग पुन्हा डोके वर काढत होता. काढलेल्या तारेवर स्टॅफिलोकोकसचा जाड थर बसलेला होता.

हा थर म्हणजे नुसती गर्दी नव्हे. शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए यांचा तो गिलावा असतो आणि जीवाणू त्यात रुतून बसतात. हा गिलावा तयार करणे महागात पडते. स्वतः पोट भरून दोनाचे चार होण्याऐवजी जीवाणू आपली ऊर्जा चिखल तयार करण्यात घालतो. म्हणून तो हे काम उगाच करत नाही. कधी करायचे, किती करायचे आणि कधी थांबवायचे हे ठरवणारी जनुके त्याच्याकडे आहेत.

या निर्णयाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या निरुपद्रवी जीवाणूत. अँथ्रॅक्स घडवणारा जीवाणू त्याचा नातलग. जपानी लोक सोयाबीन आंबवून नाट्टो करतात तेही याच्याच एका प्रकाराने. उपासमार झाली की हा जीवाणू बीजाणू बनवतो. बीजाणू म्हणजे जाड कवचातली निद्रिस्त पेशी. उकळते पाणी, कोरडेपणा, अल्कोहोल यांना ती पुरून उरते. या प्रक्रियेचे टप्पे शास्त्रज्ञांनी आकड्यांनी ओळखायला सुरुवात केली आणि जी जनुके बिघडली तर बीजाणूची तयारी सुरूच होत नाही, म्हणजे गाडी शून्याव्या टप्प्यावर अडते, त्यांच्या नावात शून्य घातले. त्यांतले मुख्य जनुक स्पो-झीरो-ए.

स्पो-झीरो-एचे प्रथिन तयार असले म्हणून लगेच कामाला लागत नाही. त्याच्यावर फॉस्फेटचा एक रेणू चढावा लागतो. पेशीच्या आवरणावरची आणि आतली काही प्रथिने उपासमारीची, गर्दीची चाहूल घेतात आणि तो फॉस्फेट उचलतात. तो तिथून थेट स्पो-झीरो-एकडे जात नाही. मध्ये आणखी दोन प्रथिने आहेत. सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि वाटेत ती फाइल परत पाठवण्याचा अधिकार असलेली आणखी काही प्रथिने बसलेली असतात. ही दिरंगाई निरर्थक नाही. बीजाणू घडवायला सात-आठ तास लागतात, शेकडो जनुके कामाला लागतात आणि शेवटी ज्या पेशीच्या पोटात बीजाणू घडतो ती मातृपेशी फुटून मरते. एकदा अर्धी वाट ओलांडली की परतीचा रस्ता नाही. पाच मिनिटांनी खाद्य मिळणार असेल तर ही घाई घातक ठरते. म्हणून निर्णयाआधी इतक्या सह्या.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. थोड्याच स्पो-झीरो-एवर फॉस्फेट चढला तर पेशी बीजाणू करत नाही, बायोफिल्मचा गिलावा करू लागते. गिलाव्याची जनुके एरवी एका दुसऱ्या प्रथिनाने दाबून धरलेली असतात; तो पहारेकरी बाजूला केला जातो. फॉस्फेटचे प्रमाण वाढत गेले तर मात्र बीजाणूचा मार्ग उघडतो. संकट बेताचे असेल तर एकत्र भिंत बांधायची, टोकाचे असेल तर कवचात जाऊन झोपायचे, आणि दोन्हींचा हुकूम एकाच मेजावरून निघतो. शिवाय एकाच थरातल्या सगळ्या पेशी एकच काम करत नाहीत. काही पोहतात, काही गिलावा करतात, काही बीजाणू होतात, आणि जनुकांचा संच मात्र सर्वांचा एकच असतो. हार्वर्डमधील रिचर्ड लॉसिक यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. ज्या पेशींत स्पो-झीरो-ए जागे झाले आहे त्या शेजारच्या जाग्या न झालेल्या भावंडांना विष घालून मारतात, फुटलेल्या पेशींतले पोषण खातात आणि त्यावर बीजाणू होण्याची वेळ पुढे ढकलतात. सूक्ष्मजीवांच्या ‘सहकारा’विषयी फार हळवे होऊ नये, ते यासाठी.

रुग्णालयात त्रास देणारे बहुतेक जीवाणू बीजाणू करत नाहीत. अपवाद क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाबाच्या जीवाणूचा. त्याच्यातही स्पो-झीरो-ए आहे. ते निकामी केलेला जीवाणू उंदरांमध्ये टिकून राहू शकत नाही आणि एकातून दुसऱ्यात पसरू शकत नाही, असे २०१२ मध्ये दिसून आले. या जुलाबाच्या रुग्णाला हात लावल्यावर भिंतीवरच्या बाटलीतले अल्कोहोलचे सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते, कारण अल्कोहोलने बीजाणू मरत नाही. इतरांकडे बीजाणू नसले तरी याच धर्तीची यंत्रणा आहे, फक्त जनुकांची नावे निराळी.

ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूत उपासमारीच्या आणि ताणाच्या वेळी आरपीओ-एस नावाच्या जनुकाचे प्रथिन साचते आणि ते पेशीतल्या सुमारे एक दशांश जनुकांचा कारभार बदलून टाकते. वाढ मंदावते, आम्ल, मीठ आणि उष्णता सोसण्याची तयारी होते, चिकट तंतू बाहेर येतात. पोहायचे की चिकटायचे हे ठरवणारा आणखी एक संकेत म्हणजे सायक्लिक-डाय-जीएमपी हा छोटासा रेणू. तो वाढला की शेपटी थांबते आणि गिलावा सुरू होतो. जेरुसलेममधील मोशे बेन्झिमन यांच्या गटाला तो १९८७ मध्ये सापडला, सेल्युलोज बनवणाऱ्या एका निरुपद्रवी जीवाणूत. पुढे कळले की असंख्य जातींचे जीवाणू हाच संकेत वापरतात. आपल्या कातडीवर शांतपणे राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसच्या अनेक वाणांत आयसीए नावाचा चार जनुकांचा गट आहे. तो चिकट शर्करा बनवतो आणि त्यामुळे कातडीवर कोणाला न दुखवणारा हा जीवाणू सलाइनच्या कॅन्युलावर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर बस्तान बसवतो. आपल्याकडच्या आयसीयूंना जेरीस आणणारा ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरची बटणे, व्हेंटिलेटरचा पडदा, त्याला कुठेही चालते.

प्रतिरोधाची पुष्कळ जनुके बाहेरून आलेली असतात. प्लाझ्मिडवर बसून ती एका जीवाणूतून दुसऱ्यात उडी घेतात, औषधांचा मारा वाढला की फोफावतात, आणि ती आहेत की नाहीत हे पीसीआरने तपासता येते. तग धरण्याची जनुके घरचीच आहेत. औषधांचा शोध लागण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून ती जीवाणूंकडे आहेत, कारण दुष्काळ, उन्हाळा आणि शेजाऱ्याचे विष हे सगळे औषधांहून जुने आहे. ती जवळपास प्रत्येकात असल्यामुळे ‘आहेत का’ या प्रश्नाला अर्थ नाही. प्रश्न ती चालू आहेत की बंद हा असतो. त्याचे उत्तर जीवाणू कुठे बसला आहे यावर ठरते आणि नेमके तेच रिपोर्टच्या कागदावर नसते.

ती चालू झाली की औषध का हरते? गिलाव्यातून औषध पोहोचत नाही, हे उत्तर पूर्वी दिले जाई. ते काही औषधांच्या बाबतीत खरे आहे. पण कित्येक औषधे आत पोहोचतात आणि तरी काम करत नाहीत. कारण बहुतेक प्रतिजैविके जीवाणूच्या चालू कामात खोडा घालून त्याला मारतात. पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधणाऱ्याला मारते. जो बांधकामच करत नाही त्याचे ते काय बिघडवणार? थराच्या तळाशी प्राणवायू नाही, अन्न नाही, वाढ जवळजवळ थांबलेली. मोकळ्या जीवाणूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध लागते, आणि तेवढे रुग्णाच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

डब्लिनचे डॉक्टर जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या कौतुकाच्या ऐन काळात, हे पाहिले होते. स्टॅफिलोकोकसच्या द्रवात पेनिसिलिन घालूनही दहा लाखांत एखादा जीवाणू शिल्लक राहत होता. त्याला वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिले, तर त्याची पिल्ले आधीइतकीच मरत होती. म्हणजे तो वेगळ्या जातीचा नव्हता. त्या वेळी निद्रिस्त होता, एवढेच. बिगर यांनी अशांना ‘पर्सिस्टर’ म्हटले. मराठीत चिवट म्हणायला हरकत नाही. चाळीस वर्षे हा लेख जवळपास विस्मरणात गेला. १९८३ मध्ये हॅरिस मॉयेड यांना ई. कोलायमध्ये हिप-ए हे जनुक सापडले. त्यातल्या एका बदलामुळे चिवट पेशींचे प्रमाण अनेक पटींनी वाढत होते. मग जेरुसलेमच्या नथाली बलाबान यांच्या गटाने २०१७ मध्ये जे दाखवले त्याचे महत्त्व कृती आराखडे लिहिणाऱ्यांनी ओळखायला हवे. ई. कोलायला अँपिसिलिनचे ठरावीक काळाने हप्ते देत गेल्यावर आधी तग धरण्याची क्षमता वाढवणारे बदल आले आणि प्रतिरोधाचे बदल त्यांच्या पाठीवर बसून आले. जो मरत नाही त्याला बदलायला वेळ मिळतो. आज ‘एस’ दाखवणारी, महिन्याभराची नळी ही उद्याच्या ‘आर’ची रोपवाटिका असू शकते.

हे नवे वाटणाऱ्या वाचकाने क्षयरोगाचा विचार करावा. खोकला दोन महिन्यांत थांबतो, तरी गोळ्या सहा महिने का? कारण क्षयाचा जीवाणू प्राणवायू कमी झाला की सुप्तावस्थेत जातो. त्याची तयारी करणाऱ्या सुमारे पन्नास जनुकांवर एका नियामक जनुकाचे नियंत्रण आहे. परदेशी साहित्यात त्याला डॉस-आर म्हणतात. दिल्लीच्या एम्समधील जया त्यागी यांच्या गटाने ते डेव्ह-आर या नावाने ओळखले होते. झोपलेल्यांतला एकेक जागा होईपर्यंत औषध चालू ठेवणे, हा त्या सहा महिन्यांचा अर्थ. क्षयरोगात वैद्यकाने चिवट जीवाणूचे अस्तित्व कधीच मान्य केले आणि उपचाराची मुदत त्याप्रमाणे बेतली.

मग नळीच्या संसर्गातही औषध लांबवायचे का? नाही. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचाही. क्षयाच्या जीवाणूला फुफ्फुसातून उचलून बाहेर काढता येत नाही. नळी काढता येते.

बायोफिल्मच्या जनुकांना थेट गप्प करणारे औषध यावे म्हणून जगभर काम चालू आहे. गिलावा विरघळवणारी विकरे, सायक्लिक-डाय-जीएमपी पाडणारे रेणू, जीवाणूंचे आपसातले संकेत तोडणारी द्रव्ये. प्रयोगशाळेतली छायाचित्रे सुंदर असतात. वॉर्डातल्या औषधांच्या ट्रॉलीवर यांतले आज काही नाही. चांदीचा मुलामा दिलेल्या लघवीच्या नळ्यांचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सात हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की थोड्या दिवसांच्या वापरात साध्या नळीपेक्षा तिचा संसर्गावर लक्षणीय फायदा नाही. हाडातल्या धातूच्या सळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर स्टॅफिलोकोकस बसला तर जोडीला रिफॅम्पिसिन दिल्याने फायदा होतो, हे १९९८ च्या एका छोट्या स्विस चाचणीपासून मानले जाते, कारण हे औषध थरातल्या मंद जीवाणूंवरही चालते. पण आपल्या देशात रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचे मुख्य अस्त्र आहे. हाडाचा संसर्ग मुळात क्षयाचा नाही ना, हे न तपासता ते सुरू केले तर निदान झाकले जाते आणि प्रतिरोधाचा धोका वाढतो. ज्याने त्याने लिहून द्यावे असे हे औषध नाही.

राहते ती नळी. लघवीची नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जीवाणू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी भर घालत जाते. महिन्याभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जीवाणू असतात. मानेच्या किंवा मांडीच्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनचा धोका याहून गंभीर, कारण तिथला थर सुटला की थेट रक्तात जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराहून अधिक आयसीयूंत पाच साध्या गोष्टी नेमाने करवून घेतल्या: हात धुणे, लाइन घालताना पूर्ण आच्छादन, कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसणे, शक्यतो मांडीची शीर टाळणे, आणि गरज संपलेली लाइन काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात हजार लाइन-दिवसांमागे रक्तसंसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. यात एकही नवे औषध नव्हते. भारतात आयसीएमआर आणि एम्स यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या जाळ्यातील सुमारे दोनशे आयसीयूंची अनेक वर्षांची आकडेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हे प्रमाण हजारामागे नवाच्या आसपास आहे. मिशिगनने जिथून सुरुवात केली होती त्याच्याही थोडे वर आपण आज उभे आहोत. आणि ही तर मोठ्या, मोजदाद करण्याची तयारी असलेल्या रुग्णालयांची गोष्ट.

नळ्या का राहतात, याचे उत्तर जनुकशास्त्रात नाही. एका परिचारिकेकडे वॉर्डातले तीस-चाळीस रुग्ण असतील तर दर दोन तासांनी प्रत्येकाला बेडपॅन देण्यापेक्षा नळी बरी वाटते. रात्री चादर ओली होत नाही म्हणून नातेवाईकही ‘राहू द्या’ म्हणतात. नळी घालायचा निर्णय एका डॉक्टरचा असतो, ती काढायचा निर्णय मात्र कोणाचाच नसतो. राउंडला औषधांचा हिशेब होतो, सलाइनचा होतो. नळीचा दिवस कितवा, हे विचारले गेलेच असे नाही. प्रतिजैविक मात्र झटकन बदलले जाते, कारण त्याला सही पुरते.

दुसऱ्या आराखड्यात प्रयोगशाळा सक्षम करण्याबरोबर रुग्णालयातील संसर्ग-नियंत्रणालाही स्थान दिले आहे. पण व्यवहारात निधी आणि लक्ष प्रयोगशाळेकडे अधिक वळते. यंत्र विकत घेता येते, उद्घाटन करता येते. जिल्हा रुग्णालयात कल्चरची सोय झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र त्या कल्चरच्या कागदावर ‘नमुना नळीतून घेतला का, नळी किती दिवसांची’ एवढा रकाना नसेल तर येणारा ‘एस’ आणि येणारा ‘आर’ दोन्ही सारखेच दिशाभूल करतील. बरेच दिवस आत असलेल्या नळीतून घेतलेला नमुना बहुधा त्या थरातल्या वस्तीचे वर्णन करतो, मूत्राशयातल्या आजाराचे नव्हे. म्हणून दोन आठवड्यांहून जुनी नळी असेल आणि ती ठेवणे भागच असेल, तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा, असे जाणकारांचे मार्गदर्शन आहे. नळी असलेल्या रुग्णाला ताप, पोटदुखी, गोंधळलेपण असे काही नसताना केवळ लघवीत जीवाणू दिसले म्हणून प्रतिजैविक द्यायचे नसते. त्याने थर जात नाही, फक्त थरातले सोशिक निवडले जातात.

अर्धांगवायू झालेल्या, घरीच झोपून असलेल्या वृद्धांच्या बाबतीत हे सर्व घरच्यांच्या हातात येते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी आणि पिशवीचा सांधा पुनःपुन्हा उघडू नये. नळीच्या प्रकारानुसार ती बदलण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर ‘कोणते औषध द्यायचे’ याच्या आधी ‘नळी काढून पाहता येईल का’ हे विचारावे. पुरुषांमध्ये कंडोम कॅथेटर, काहींना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून लगेच काढणे, काहींना नुसते डायपर, असे पर्याय निघतात. प्रत्येकाला जमतील असे नाही. लघवी पूर्ण अडलेल्या माणसाला नळी लागतेच, आणि तिथे ती जीव वाचवते.

आराखड्याला खरोखर काही नवे मोजायचे असेल तर ते फार महाग नाही. किती रुग्णांना किती दिवस नळी होती, किती जणांची गरज संपल्यावर चोवीस तासांत निघाली, ‘एस’ असूनही महिन्याभरात किती संसर्ग उलटले, एवढ्या तीन नोंदी प्रत्येक तालुका रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये बसू शकतात. त्यासाठी पीसीआर लागत नाही. केसपेपरवर नळी घातल्याची तारीख बहुधा सापडते; तिच्या शेजारी ‘आज हवी आहे का?’ असा एक रकाना आखायचा आणि रोज सकाळी तो भरायचा अधिकार राउंडच्या डॉक्टरइतकाच वॉर्डच्या सिस्टरलाही द्यायचा.